सोळा आणि सतरा

27 जुलै 2024 रोजी फ्रान्समधील शातोरू येथे ऑलिंपिक क्रीडामहोत्सवातील पुरुषांच्या दहा मीटर एअर पिस्तूल स्पर्धेची पात्रताफेरी झाली. अंबाल्याकडील धीन गावच्या शेतकरी कुटुंबातला सरबज्योत सिंग हा तरुण साठ नेमांअखेर 577 गुणांवर थांबला. जर्मनीचा रॉबिन वॉल्टर हाही 577 वरच थांबला. अंतिम फेरीत जागा आठच. आठवी जागा वॉल्टरला मिळाली आणि सरबज्योत नववा ठरून बाहेर राहिला. कारण एवढेच की, वॉल्टरच्या खात्यात ‘आतले दहा’ सतरा होते आणि सरबज्योतच्या खात्यात सोळा.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. खेळाडूने एका हाताने, कशाचाही आधार न घेता, पंचाहत्तर मिनिटांत साठ छर्रे झाडावयाचे असतात. दहा मीटरांवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे. त्याच्या पोटात 5 मिलिमीटरांचे आणखी एक वर्तुळ असते, मुगाच्या दाण्याएवढे. हा आतला दहा साधला म्हणून गुण वाढत नाहीत. दहाचे दहाच राहतात. तो केवळ मोजून ठेवतात, आणि दोघांची बेरीज सारखी आली तरच त्या मोजणीकडे पाहतात. सरबज्योतच्या सहा फैरी 94, 97, 96, 100, 93 आणि 97 अशा होत्या. चौथ्या फैरीत दहाच्या दहा नेम गुंडीएवढ्या वर्तुळात बसले. पाचवीत सात गुण गेले. साठ नेमांत एकूण तेवीस गुण त्याने गमावले, आणि वॉल्टरनेही नेमके तेवढेच गमावले.

येथे अन्याय झाला काय? वकिली पेशातील मनुष्यास हा प्रश्न सोपा वाटतो, आणि आमचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. नियम आधी ठरलेला होता, उभय पक्षांस तो ठाऊक होता, आणि कोणाचे तोंड पाहून तो लावला गेला नाही. शिवाय त्यात तर्कदुष्टता नाही. दोघांचे दोष समसमान निघाले, तेव्हा नियमाने दोघांच्या गुणांची अधिक बारीक छाननी केली. नवा पुरावा मागितला नाही. होते तेच दप्तर पुन्हा एकदा, भिंग लावून वाचले. अपिलाच्या कोर्टातही बहुधा असेच घडते.

परंतु नियमाने जागेचा निकाल दिला म्हणजे माणसाचाही दिला काय? हा प्रश्न कोर्टाच्या कक्षेतला नव्हे, आणि म्हणूनच तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

समानांमध्ये निवड करण्याची दुसरीही एक रीत ह्याच खेळात आहे. 2018 साली आशियाई खेळांत, पालेंबांग येथे, कोल्हापूरची राही सरनोबत महिलांच्या पंचवीस मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत थायलंडच्या नफस्वान यांगपाईबून हिच्याशी 34 वर बरोबरीत आली. तेथे मागचे दप्तर कोणी उघडले नाही. दोघींना पुन्हा पाच पाच नेम दिले. दोघींनीही चार चार साधले. आणखी पाच दिले. राहीने तीन साधले, दुसरीने दोन. नेमबाजीत आशियाई सुवर्णपदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री अशी ठरली. ह्यास आमच्या भाषेत फेरतपासणी म्हणता येणार नाही. हा नवा खटलाच झाला. तो बघणाऱ्यास अधिक समाधान देतो, कारण निर्णय डोळ्यांसमोर घडतो. पण काटेकोर विचार केल्यास त्यात कस लागतो तो थकलेल्या हाताचा आणि त्या क्षणीच्या धीराचा. आधीच्या पन्नास नेमांत कोण सरस होती, ह्या प्रश्नाचे उत्तर तो देत नाही. तो प्रश्नच बदलून टाकतो.

श्री भगवतीच्या सावलीत वाढलेल्या आम्हां पार्सेकरांस तिसरी रीत कोणी शिकवावी लागत नाही. आमच्या मुलखातील देवळांत ओल्या पाकळ्या लावून कौल मागतात; उजवीकडची पाकळी आधी पडली की डावीकडची, यावरून माणसे आपला मार्ग ठरवतात. कायद्यालाही असे काही तरी लागतेच. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 65 व्या कलमात, उमेदवारांची मते समान पडल्यास चिठ्ठी टाकून निर्णय करावा, असे स्पष्ट सांगितले आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या 220 क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांस प्रत्येकी 5,946 मते पडली, तेव्हा चिठ्ठीच उचलण्यात आली. चिठ्ठी आणि कौल हे एकाच माळेचे मणी, असे आम्ही म्हणत नाही. चिठ्ठी ही यदृच्छा. कौल ही भाविकाच्या लेखी देवीची आज्ञा. पण दोहोंत एक मोठा गुण समान आहे. ज्याच्या विरुद्ध निर्णय जातो त्याच्या योग्यतेविषयी ही दोन्ही अवाक्षरही काढत नाहीत. डावी पाकळी पडली म्हणून कोणी हलका ठरत नाही. आतल्या दहाचा हिशेब मात्र माणसाला सांगतो की, तू एका मुगाच्या दाण्याने उणा आहेस.

मग चिठ्ठीच बरी, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. ज्याने वर्षानुवर्षे हात स्थिर ठेवण्याची साधना केली, त्याला ‘तुझे साठही नेम बाजूला ठेव, आता चिठ्ठी उचल’ असे सांगणे हा त्याच्या श्रमाचा अवमान होय. सोळा हा आकडा कठोर खरा, पण तो त्याच्याच हातून निघालेला आहे. जेथे हक्क श्रमातून उत्पन्न होतो तेथे निवाडाही कृतीवरूनच व्हावा. जेथे हक्क जन्माने आला आहे, तेथे कौल, चिठ्ठी किंवा पाळी हेच शोभते.

आणि येथेच आमच्या देवस्थानांतील वादांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. 1933 च्या महाजनी कायद्याखाली चालणाऱ्या ह्या संस्थांत पालखीचा खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाच्या हाती, ह्यावरून दोन समान मानाच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालतात. प्रत्येक पक्ष जुने कागद घेऊन येतो आणि ‘आमच्या पूर्वजाचे नाव एक ओळ वर आहे’ असे दाखवतो. ही आतल्या दहांचीच मोजणी, फक्त येथे नेम कोणीच धरलेला नसतो! असल्या जागी वर्षावर्षाने पाळी लावून घेण्यात कोणाचे काय जाते, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. (वकिलांचे जाते, हे कबूल.)

मान वाटून घेता येतो, ह्याचा दाखला खेळातही आहे. 1 ऑगस्ट 2021 रोजी टोकियोत उंच उडीच्या स्पर्धेत कतारचा बर्शिम आणि इटलीचा तांबेरी 2.37 मीटरांवर बरोबरीत आले आणि दोघांनी सुवर्णपदक वाटून घेतले. दृश्य मोठे गोड होते. पण ते शिखरावर शक्य झाले; शिखराच्या वर कोणी नसते. उंबरठ्यावर ते अवघड आहे. नवव्याला आत घेतले तर दहावाही दार वाजवील, आणि त्याचेही म्हणणे अगदीच अवाजवी नसेल.

पराभवाच्या प्रसंगी आपल्याकडे गीतेतील कर्मफलाचा विचार तत्काळ पुढे केला जातो. कर्म तुझ्या हाती, फळ नव्हे. हे वचन हरलेल्याला ऐकवण्याची आपली हौस दांडगी; जिंकलेल्याला मात्र ते कोणी ऐकवत नाही. त्याच्या गळ्यात हार घालताना फळ त्याचेच, अशी आपली पक्की समजूत असते. वास्तविक सतरा मिळवणाऱ्यालाच ह्या उपदेशाची गरज अधिक. दहा मीटरांवरून एक छर्रा आतल्या वर्तुळाला शिवतो आणि दुसरा केसभर बाहेर राहतो, ह्यात साधना किती आणि योग किती हे स्वतः नेमबाजही सांगू शकणार नाही. पांडवांच्या परीक्षेत द्रोणाचार्यांनी तर, पक्ष्याच्या डोळ्यावाचून ज्याला आणखी काही दिसले त्याला बाण सोडूच दिला नाही. कायद्याच्या माणसास ती परीक्षा जरा एकतर्फी वाटते. उत्तरावरून निकाल लागला, नेमावरून नव्हे. येथे निदान प्रत्येकास साठ संधी मिळाल्या.

सरबज्योत तीन दिवसांनी, 30 जुलै रोजी, त्याच जागी मनू भाकर हिच्याबरोबर मिश्र सांघिक स्पर्धेत उभा राहिला आणि दक्षिण कोरियाच्या जोडीवर 16–10 अशी मात करून कांस्यपदक घेऊन आला. अनेकांनी ह्यात न्याय पाहिला. गेलेले परत मिळाले, असे म्हटले. आम्हांस ही जोड घालणे पटत नाही. ते पदक मिळाले नसते तर 27 जुलैचे 577 काही कमी झाले नसते, आणि मिळाले म्हणून सोळाचे सतराही झाले नाहीत. पदक हे त्या दिवसाच्या कामाचे होते.

त्याच पात्रताफेरीत आपलाच दुसरा खेळाडू अर्जुन सिंग चीमा 574 गुण मिळवून अठरावा आला. सरबज्योतपेक्षा तीन गुण कमी. त्याच्यासाठी फारसे कोणी हळहळले नाही. नवव्याबद्दल आपल्याला कणव वाटते, कारण त्याच्या जागी आपण स्वतःस कल्पू शकतो. अठराव्याच्या जागी स्वतःस कल्पण्यास मन तयार होत नाही. साठ नेमांत 574 म्हणजे सरासरी साडेनऊहून अधिक. एवढे स्थिर राहणे आपल्यापैकी कितीजणांस आपापल्या धंद्यात, संसारात किंवा देवपूजेत पंचाहत्तर मिनिटेही साधते, ह्याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरी करून पाहावा.