खराटा कोणीं धरावा?

(वाचावयाचे भाग : मार्क १४ : १२-१६, लूक १५ : ८-१०, योहान १३ : १-१७)



आपल्या वऱ्हाडांत पूर्णा नदीच्या खोऱ्यांत जो खारपाणाचा पट्टा आहे, तेथील लोकांस पाण्याची किंमत सांगावी लागत नाहीं. अकोला, अमरावती व बुलढाणा ह्या तिन्ही जिल्ह्यांतून हा पट्टा गेला आहे. तेथें विहीर खणली तर पाणी लागतें, परंतु तें तोंडांत धरवत नाहीं. गोड पाण्याची विहीर असलीच तर एखादी, आणि तीहि बहुधा दूर. आतां पुष्कळ गांवीं धरणाचें पाणी नळानें येतें. पण तो नळ आठवड्यांतून किती वेळां येतो, हें त्या गांवच्या बायांस विचारावें.

अशाच एका गांवीं आमचें लहानसें प्रार्थनामंदिर आहे. दाराशीं एक रांजण पुरलेला आहे. आसपासच्या वस्त्यांतून मंडळी पायीं येते, आणि वैशाखांत अकोल्याकडील ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरांत जातें तेव्हां प्रत्येक जण मंदिरांत शिरण्यापूर्वीं रांजणाकडे वळतो. (ह्यांत पाळकहि आला.) वर्षानुवर्षें हा रांजण रविवारीं सकाळीं भरलेला असे. तो कोण भरतें, हें मीं कधीं विचारलें नाहीं. हंगामाच्या उपकारस्तुतीच्या दिवशीं कोणीं किती पायल्या ज्वारी आणली, कोणीं किती रुपये दिले, हें मी व्यासपीठावरून नांवानिशीं वाचून दाखवीत असें. रांजण भरणाऱ्याचें नांव त्या यादींत कधीं आलें नाहीं.

गेल्या वर्षीं वैशाखांतील एका रविवारीं रांजण कोरडा निघाला. मंदिर झाडलेलें नव्हतें. चिमण्यांच्या घरट्याच्या काड्या प्रभुभोजनाच्या मेजावर पडल्या होत्या. चौकशी करतां कळलें, कीं मंडळींतील एक विधवा बाई दर शनिवारीं शेतांतून परत आल्यावर पाण्याचे चार गुंड डोक्यावरून आणून रांजण भरी, व रविवारीं पहांटे मंदिर झाडून काढी. सात वर्षें तिनें हें केलें होतें. आतां ती तापानें अंथरुणास खिळली होती. मी तिचा पाळक. आणि तिच्या दुखण्याची बातमी मला कोरड्या रांजणानें सांगितली.

येवढ्यावर निभावलें असतें तरी पुरे होतें. परंतु उपासनेच्या शेवटीं मीं सभेस विचारलें, कीं ती बाई बरी होईपर्यंत हें काम कोण करील? आणि हें लिहितांना मला लाज वाटते, प्रश्न तोंडांत असतांनाच माझी नजर आपोआप शेवटच्या रांगेंतील एका वृद्ध बंधूकडे गेली. तेथें शिकलेले तरुण बसले होते, मंडळीचे वडील बसले होते, माझा स्वतःचा धट्टाकट्टा मुलगा बसला होता. त्यांच्यापैकीं कोणाकडेहि ती गेली नाहीं. बाप्तिस्म्याच्या वहींत त्या बंधूच्या जुन्या जातीचें नांव नाहीं. पण माझ्या डोळ्यांनीं तें लिहून ठेविलें होतें.

बाहेर निंबाखालीं त्यानें मला गांठलें. आवाज चढविला नाहीं. म्हणाला, "पाद्रीबाबा, तुमी माह्याकडेच काहून पाह्यलं? माह्या बापानं उभ्या गावाचं झाडलं, मेलेलं ढोर ओढलं. ज्या दिवशी त्यानं खराटा टाकला, त्या दिवशी आमी मानसं झालो. माह्या पोरांच्या हाती तो येऊ नये म्हून मी येशूच्या मांगं आलो. आता देवळातबी तोच खराटा?"

मजजवळ उत्तर नव्हतें. सेमिनरींत मीं ग्रीक भाषेचे धडे गिरविले, पत्रांवरील टीका वाचल्या. पण ह्या प्रश्नाचें उत्तर त्या वह्यांत नव्हतें. आणि माझें पाप दुप्पट होतें, कारण मी स्वतः त्याच कुळांतला. माझ्या आजोबांनीं तोच खराटा धरला होता. दोन पिढ्यांचें शिक्षण व एक पांढरा सदरा येवढ्या भांडवलावर मी तें विसरलों होतों.

सेवेचा उपदेश करणें आम्हां पाळकांस फार सोपें जातें. प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले, सबब तुम्हीहि हलकीं कामें आनंदानें करा, असें आम्ही म्हणतों. वचन खरें, पण तें आम्ही कोणास सांगतों? ह्या देशांत झाडणें, सरपण फोडणें, मेलेलें जनावर ओढणें, उन्हातान्हांत निरोप पोंचविणें हीं कामें कित्येक कुळांच्या माथीं जन्मानेंच मारलीं गेलीं. ती सेवा नव्हती, वेठ होती. वतनाच्या नांवाखालीं चालणाऱ्या ह्या वेठीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत बिल मांडलें, आणि मुंबई राज्यांत तीं कनिष्ठ वतनें कायद्यानें रद्द व्हावयास १९५८ साल उजाडावें लागलें. ज्याच्या बापाचा कणा त्या वेठीनें वांकविला, त्याला मी सुशिक्षित मनुष्य नम्रतेचा धडा देतों, तेव्हां ख्रिस्ताचें नांव घेऊन गांवच्या पाटलाचेंच काम करतों.

योहानाचा तेरावा अध्याय मीं त्या रात्रीं पुन्हां उघडला. प्रभु जेवणावरून उठला हें सांगण्यापूर्वीं योहान आधीं प्रभूला काय ठाऊक होतें तें सांगतो : कीं पित्यानें सर्व कांहीं आपल्या हातीं दिलें आहे, आपण देवापासून आलों व देवाकडे जात आहों. हें ठाऊक असतां तो उठला, व त्यानें कमरेस रुमाल बांधला. वेठीचा मनुष्य हुकूम होतो म्हणून उठतो. प्रभूस कोणीं हुकूम केला नव्हता. पाय धुणें हें त्या काळीं गुलामाचें काम होतें, आणि त्या माडीवर गुलाम नव्हता. म्हणून सारे शिष्य धुळीच्या पायांनीं बसून राहिले. बहुधा प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहत असेल. मत्तय पूर्वींचा जकातदार, इतर कित्येक कोळी. ह्यांपैकीं कोण हलका, हें ठरविण्याजोगा मनुष्य तेथें एकच होता. त्यानें कोणाकडेहि पाहिलें नाहीं. तो स्वतः उठला.

तें पाणी कोठून आलें असेल? शास्त्रांत तसें लिहिलेलें नाहीं, म्हणून हें मी शिकवण म्हणून सांगत नाहीं. पण मार्काच्या चौदाव्या अध्यायांत प्रभु दोघां शिष्यांस नगरांत पाठवितो, व पाण्याचें मडकें घेऊन जाणारा एक पुरुष तुम्हांस भेटेल, त्याच्या मागें जा, अशी खूण देतो. त्या देशांत पाणी भरणें बायकांचें काम, म्हणूनच ती खूण चुकण्यासारखी नव्हती. आपल्याकडेहि पुरुष पाणी आणतो तो कावडीनें किंवा बैलगाडींत टाकी ठेवून. डोक्यावर गुंड घेतलेला पुरुष दिसला तर सारें गांव हंसेल. त्या पुरुषाचें नांव शास्त्रांत नाहीं. परंतु तो ज्या घरांत शिरला त्याच घराच्या माडीवर त्या रात्रीं गंगाळांत पाणी ओतलें गेलें. तें त्याच्याच मडक्यांतलें होतें, असें मनांत आणण्यास मला फार आवडतें.

खराटा स्वखुशीनें धरलेला मनुष्य पाहावयाचा, तर वऱ्हाडांतल्या लोकांस दूर जावयास नको. २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं एका परिटाच्या घरीं डेबूजी जन्मला. पुढें जग त्याला गाडगेबाबा म्हणूं लागलें. ते आपल्या पंथाचे नव्हते, व त्यांना आपल्यांत ओढण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु त्यांची रीत ऐका. गांवांत शिरले कीं कोणास न सांगतां खराट्यानें रस्ता झाडावयास लागत. रात्रीं कीर्तन करीत. आणि मग चालते होत. गांव झाडणें हें परिटाच्या वाट्याचें काम नव्हतें. कोणींहि तें त्यांच्या माथीं मारलें नव्हतें. म्हणूनच ज्यांच्या घरापुढें ते झाडीत त्यांना लाज वाटे, व तेहि हातांत फडा घेऊन बाहेर येत. पंढरपुरास ज्यांना कोणी आंत घेईना त्यांच्यासाठीं त्यांनीं चोखामेळा धर्मशाळा बांधली. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीजवळ वलगांवापाशीं त्यांचा अंत झाला. आज अमरावतीचें विद्यापीठ त्यांच्या नांवानें ओळखलें जातें. ज्यानें शाळेचें तोंड पाहिलें नाहीं त्याच्या नांवाची पदवी घेऊन आपलीं मुलें घरीं येतात आणि आईला म्हणतात, तूं झाड.

उपदेशक बंधूंस येथें माझी एक विनंती आहे. घरकामांतून दाखले काढण्याची आपणांस हौस आहे. जात्याचा दाखला तर आपल्या हाडींमाशीं खिळलेला. वास्तविक जातें आतां घराच्या कोपऱ्यांत पडलें व दळण गिरणींत गेलें, तरी आपण व्यासपीठावर तें अजून फिरवितोंच. मात्र जातें ओढलेला उपदेशक मला क्वचितच भेटला. दाखला द्यावयाचा तर आधीं तें काम करून पाहावें. हरवलेल्या नाण्यासाठीं दिवा लावून घर झाडणाऱ्या बाईचा दाखला मीं वीस वर्षें सांगितला. हरवलेल्यास शोधणाऱ्या देवाच्या जागीं प्रभूनें केरसुणी घेतलेल्या बाईला उभें केलें आहे, हें मी मोठ्या आवाजांत सांगत असें. पण मंदिर पहिल्यांदां स्वतः झाडलें तेव्हां मला कळलें, कीं झाडणाऱ्याची मान खालीं असते, आणि त्याला जें दिसतें तें व्यासपीठावरून दिसत नाहीं. पुढच्या रांगांखालीं नवी सतरंजी होती. शेवटच्या रांगेखालीं फाटकें पोतें होतें. तो वृद्ध बंधु इतकीं वर्षें त्या पोत्यावर बसत आला होता.

आमच्याच भागांत हें वचन अक्षरशः पाळणारे लोकहि आहेत. परतवाड्याजवळ कोठारा येथें कुष्ठरोग्यांचें मिशन रुग्णालय आहे; अमरावतीस दाजीसाहेब पटवर्धनांनीं उभारलेलें तपोवन आहे. ह्या रोगांत पाय बधिर होतो. कांटा रुतला, निखारा लागला तरी कळत नाहीं. म्हणून असे पाय रोज पाण्यांत भिजवावे लागतात, निबर कातडें घासून काढावें लागतें, तेल लावावें लागतें व कोठें जखम झाली काय हें डोळ्यांनीं पाहावें लागतें. तेथें पाय धुणें म्हणजे पाय वांचविणें होय. ज्यांना उपासनेंत पाय धुण्याचा विधि करावासा वाटतो त्यांनीं आधीं तें पाहून यावें, असें मी म्हणेन.

आतां आमच्या मंडळीचें पुढें काय झालें, तें सांगतों.

मीं मंडळीच्या वडिलांस बोलावून झाडण्याची व पाण्याची पाळी लाविली. पहिला महिना माझा. त्यानंतर वडील, मग तरुण. पुरुषांनींहि पाणी डोक्यावरूनच आणावयाचें. पहिल्या शनिवारीं मी गुंड घेऊन निघालों तेव्हां पारावरचे लोक हंसले, व वाटेंत निम्में पाणी माझ्या सदऱ्यावर सांडलें. त्या बाईचे चार गुंड म्हणजे काय, हें त्या दिवशीं माझ्या मानेला समजलें. पुढें एका वडिलांनीं आपल्या पाळीस स्वतः न येतां मजुरी देऊन एक मनुष्य पाठविला; तोहि कोठला, तर त्याच जुन्या वस्तींतला. मंदिर स्वच्छ झालें, तरी ती पाळी मीं भरली असें धरलें नाहीं. तेव्हांपासून ते माझ्यावर रुष्ट आहेत, व दोन वेळां उपासनेस आले नाहींत. मी त्यांच्या घरीं जाऊन आलों. चहा मिळाला; उत्तर मिळालें नाहीं.

श्रावणांत ती बाई बरी होऊन आली. मला वाटलें होतें, कीं ओझें उतरलें म्हणून तिला बरें वाटेल. ती रडूं लागली. "माह्यं पानी काहून घेतलं, बाबा? मी काय चुकली?" मी गोंधळून गेलों. एकाला जो खराटा जखमेसारखा झोंबतो, तोच दुसरीचें अर्पण होतें. आणि मीं दोघांनाहि न विचारतां दोघांचें ठरवून टाकलें होतें. तिच्या हातीं देण्यास पैसा नाहीं. पाणी हीच तिची भेट होती. ती मीं पाळीच्या कागदावर विभागून वांटून टाकिली. आतां महिन्यांतले दोन शनिवार तिचे आहेत, आणि उपकारस्तुतीच्या यादींत ज्वारीच्या आधीं पाणी वाचलें जातें. फाटकें पोतें काढून शेवटच्या रांगेखालींहि सतरंजी घातली आहे.

तो वृद्ध बंधु ह्या सर्व काळांत येत राहिला, पण लवकर येऊं लागला. मी झाडीत असतांना तो निंबाखालीं बसून पाही. बोलत नसे. पांचव्या रविवारीं मी अंगण झाडतांना धुळीनें खोकूं लागलों, तसा तो उठला. म्हणाला, "असं नाही झाडत, बाबा. धूळ सारी मंदिरात चालली. आंधी पानी शिपडा." आणि रांजणांतून तांब्या भरून त्यानें माझ्यापुढें अंगणावर पाणी शिंपडलें, अगदीं एकसारखें, एक थेंब वायां न घालवितां. खराटा त्यानें धरला नाहीं. मींहि तो त्याच्यापुढें केला नाहीं. येत्या रविवारीं पाळी माझ्या मुलाची आहे. पाणी आपण शिंपडूं, असें त्यानें मुलाला आधींच सांगून ठेविलें आहे.