उभ्याने गायलेलं महाभारत

उतईत सकाळी लवकर जाग येते. भिलाई हाकेच्या अंतरावर, पण इथे अजून धानाच्या शेतांवरून येणारा ओला वारा आहे. आज अशाच वेळी तीजनबाईंची पंडवानी, म्हणजे छत्तीसगडी लोकरीतीतलं महाभारतगायन, लावली. दुःशासनवध. त्यांच्या गाण्याचं हे ध्वनिमुद्रण मी कितीदा ऐकलं असेन, तरी भीमाने आरोळी ठोकली की हातातला चहा तसाच राहतो.

तीजनबाई याच मुलखातल्या. 1956 साली भिलाईजवळच्या गनियारी गावात, पारधी कुटुंबात जन्म. शाळा नाही. आजोबा, म्हणजे आईचे वडील ब्रजलाल, महाभारत गात आणि ही मुलगी ऐकत राही. ऐकता ऐकता पाठ झालं. तेराव्या वर्षी शेजारच्या चंद्रखुरी गावात पहिला कार्यक्रम केला, बिदागी दहा रुपये.

पंडवानीच्या दोन रीती आहेत. वेदमती रीतीत गाणारा बसून, सबलसिंह चौहानांच्या दोहा-चौपाईतल्या महाभारताला धरून गातो. कापालिक रीतीत तो उभा राहतो, कथा कपाळातून, म्हणजे स्मरणातून येते आणि अंगाअंगातून खेळली जाते. बायकांनी गायचं तर बसून, असा रिवाज होता. मला यातली गोम फार उशिरा कळली. जिला अक्षरओळख होऊ दिली नाही, तिलाच पोथीच्या रीतीने बसायला सांगत होते! तीजनबाईंकडे पोथी नव्हतीच. होतं ते सगळं कपाळात. त्या उभ्या राहिल्या हे धाडस होतंच, पण माझ्या मते त्यांच्या विद्येची खरी जागाही तीच होती.

त्याची किंमत त्यांनी मोजली. बाई असून पंडवानी गाते म्हणून जातभाईंनी वाळीत टाकलं. त्यांनी स्वतः झोपडी उभारली, शेजाऱ्यांकडून भांडीकुंडी आणि दाणागोटा उसना आणला आणि त्या गात राहिल्या. उसन्या भांड्यात शिजवून खाऊन संध्याकाळी भीम होणं ही काय ताकद असेल, याचा विचार करताना माझे शब्द अपुरे पडतात.

आपल्याकडे महाराष्ट्रात जात्यावर बाईने आयुष्यभर ओव्या गायल्या, त्याही बसून, पहाटेच्या अंधारात, हाताला काम लावून. कीर्तनकार मात्र उभा. म्हणून मराठी कानाला पंडवानी परकी वाटत नाही. शाहिराच्या मागे झीलकरी असतात, तसा इथे रागी असतो. गाणारी एक ओळ टाकते, तो हुंकारा भरतो, मध्येच प्रश्न विचारतो, आणि कथा त्या प्रश्नावर पाय देऊन पुढे जाते. तीजनबाईंच्या हातातला मोरपिसं लावलेला तंबुरा घडीत भीमाची गदा होतो, घडीत अर्जुनाचं धनुष्य, आणि मग तोच द्रौपदीचे मोकळे केस. नुसत्या आवाजाच्या मुद्रणात हे दिसत नाही. पण श्वास ऐकू येतो: त्या वळल्या, धावल्या, थबकल्या हे सगळं श्वासात उतरलेलं असतं. बसलेल्या बाईचा श्वास असा येत नाही.

रंगकर्मी हबीब तन्वीर यांनी हा आवाज हेरला आणि तो छत्तीसगडबाहेर गेला, पुढे देशाबाहेरही. श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’ या मालिकेत घराघरांतल्या पडद्यावर तीजनबाई दिसल्या. 1995 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 2003 साली पद्मभूषण, 2019 साली पद्मविभूषण. भिलाईच्या पोलाद कारखान्यात त्यांनी नोकरीही केली. भाषा मात्र छत्तीसगढीच राहिली. पॅरिस असो की मुंबई, तिथल्या श्रोत्यांसाठी त्यांनी ती सोपी केली नाही, आणि श्रोत्यांना तशी गरजही पडली नाही.

2023 साली पद्मश्री मिळालेल्या उषा बारले भिलाईच्याच. एके काळी फळं विकणाऱ्या. त्याही तंबुरा घेऊन कापालिक पंडवानी गातात, उभ्याने.