हंगामाची कॅसेट

स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या एका छोट्या गावात एक मुलगा राहत होता. त्याच्या आजोबांचं मोटारदुरुस्तीचं गॅरेज होतं आणि घरात एकाच शर्यतपटूचं नाव घेतलं जायचं, ते म्हणजे जॉन क्लीलंड. क्लीलंड स्कॉटिश होता, हे एक कारण. दुसरं कारण त्याची मोटार. ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपमध्ये तेव्हा दोन लिटर इंजिनाच्या, रोजच्या वापरातल्या मोटारी शर्यतीसाठी तयार करून धावायच्या. क्लीलंड चालवायचा तशीच व्हॉक्सहॉल कॅव्हेलियर या गॅरेजात ऑइल बदलायला नेहमी यायची. शनिवारी जिच्याखाली झोपून आजोबांनी नट आवळले, तीच मोटार रविवारी टीव्हीवर तिरकी होऊन वळण घेताना दिसायची. या शर्यतींवर लोकांनी एवढा जीव लावला तो यामुळेच, असं मला वाटतं.

१९९२ च्या नाताळात मुलाला त्या वर्षीच्या हंगामाची व्हिडिओ कॅसेट भेट मिळाली. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंतच्या सगळ्या शर्यती एका फितीवर. मुलानं कागद फाडला, कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली आणि थेट शेवटाकडे पळवली.

शेवटची शर्यत ऑक्टोबरात सिल्व्हरस्टोनला झाली होती. विजेतेपदाचे दावेदार तीन: क्लीलंड, टोयोटावाला विल हॉय आणि बीएमडब्ल्यूवाला टिम हार्वे. हार्वेचा साथीदार स्टीव्ह सोपर सुरुवातीच्याच धडकेत पार मागे पडला होता, पण एकेकाला मागे टाकत तो पुन्हा या घोळक्यात येऊन पोचला. त्यानं क्लीलंडला गाठलं, त्याच्या पुढे घुसला आणि हार्वेला वाट मोकळी झाली. क्लीलंड खवळला. ब्रुकलँड्सच्या वळणात त्याची कॅव्हेलियर दोन चाकांवर उचलली गेली, आणि लगेच पुढच्या लफील्डला सोपर आणि तो एकमेकांत अडकून बाहेर फेकले गेले. दोघांचीही शर्यत तिथेच संपली. हार्वे चौथा आला आणि चौथा येऊनही वर्षाचा विजेता ठरला. हा सोपर म्हणजे जनावर आहे, असं क्लीलंड नंतर कॅमेऱ्यासमोर बोलून गेला.

मुलगा हा तुकडा रोज बघायचा. शाळेतून आला की दप्तर भिरकावून रिमोट हातात. धडकेच्या जागी पॉझ करायचा, चित्र थरथरत उभं राहायचं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. सोपरनं मुद्दाम केलं, हे त्याला सिद्ध करायचं होतं. मित्रांना बोलावून तो साक्षीपुरावे मांडायचा. वसंत ऋतू येईपर्यंत फीत त्या जागी झिजली. पांढऱ्या रेघा उमटायला लागल्या, चित्र घसरायला लागलं, आणि नेमकी धडक व्हायच्या वेळी पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसायला लागल्या.

मुलगा रडवेला होऊन कॅसेट घेऊन गॅरेजात गेला. "आजोबा, ही दुरुस्त करा ना."

आजोबांनी फडक्याला हात पुसले आणि कॅसेट उजेडात धरली. कॅसेटच्या दोन खिडक्यांमधून आतल्या चकऱ्या दिसतात. डावीकडची फीत चालता चालता उजवीकडे गुंडाळली जाते. इथे जवळजवळ सगळी फीत उजव्या चकरीवर होती.

"ही तू कधी मागे घेतच नाहीस का रे?"

"कशाला? मला एवढंच बघायचं असतं."

"बाकीचा हंगाम कसा आहे?"

मुलगा गप्प. कॅसेटवरचा बाकीचा हंगाम त्यानं पाहिलाच नव्हता.

आजोबांनी रबराच्या हातमोज्यांखालची जुनी जॉबबुक, म्हणजे गॅरेजातल्या कामांची वही, काढून त्याला दिली. "झिजलेली फीत काही दुरुस्त होत नसते. पण पहिल्यापासून लाव. प्रत्येक शर्यतीला कोणाचं काय झालं ते यात लिही. फक्त क्लीलंडचं नाही, तिघांचंही."

मुलानं नाराजीनंच सुरुवात केली. सिल्व्हरस्टोन, थ्रक्स्टन, ओल्टन पार्क, स्नेटर्टन, ब्रँड्स हॅच, डॉनिंग्टन, वेल्समधलं पेंब्रे, आणि आपल्या स्कॉटलंडमधलं नॉकहिल. आठवडाभर रोज थोडं थोडं. लिहिता लिहिता एक गोष्ट त्याच्या लक्षात यायला लागली. हार्वेची बीएमडब्ल्यू ३१८ मोटार त्या वर्षी नवी होती आणि सुरुवातीला त्याच्या रकान्यात फारसं काही जमत नव्हतं. हंगाम अर्धा सरला, मोटारीवर हात बसला आणि आकडे वाढत गेले. धडकेची शर्यत येईपर्यंत वहीची कितीतरी पानं भरली होती, आणि त्या पानांवर सोपरचं नाव क्वचितच आलं होतं.

बेरीज करून तो आजोबांकडे आला. विजेता हार्वे आणि दुसरा आलेला हॉय यांच्यात फक्त तीन गुणांचं अंतर.

"शेवटच्या शर्यतीत हॉयला कोणी धडक दिली?" आजोबांनी विचारलं.

"कोणीच नाही."

"मग तो कोणाला शिव्या देत होता?"

मुलानं आठवून पाहिलं. हॉय आदल्या वर्षीचा विजेता. तीन गुणांनी मुकुट गेला होता, म्हणजे क्लीलंडपेक्षाही थोडक्यात. एवढे दिवस कॅसेट बघूनसुद्धा त्याचा चेहरा मुलाच्या नजरेत भरला नव्हता.

"पण सोपरनं केलं ते चूकच ना?" मुलगा हट्टानं म्हणाला.

"असेल. मला तसंच वाटतं." आजोबा स्पॅनर पुसत राहिले. "त्याचं काय झालं होतं माहीत आहे? १९८३ चा हंगाम त्यानं रोव्हरमधून जिंकला होता. मोटार नियमात बसत नाही म्हणून नंतर तो बाद झाला आणि विजेतेपद अँडी राऊजला गेलं. तो तेवढंच उगाळत बसला असता, तर सिल्व्हरस्टोनला शेवटून पुढे येताना तुला दिसलाच नसता."

त्या उन्हाळ्यात मुलगा कार्टिंगच्या शर्यतींत उतरला. तिसऱ्याच शर्यतीत मागून एकानं त्याला ठोकलं आणि त्याचं कार्ट गवतात गेलं. ठोकणारा पुढे निघून गेला. मुलाच्या तोंडावर माती होती, घशाशी हुंदका होता. हात आपोआप वर गेला, मूठ वळली. मग त्यानं मूठ सोडली, उतरला, कार्ट ढकलत रस्त्यावर आणलं आणि पुन्हा बसला. सुकाणू डावीकडे ओढत होतं, म्हणून प्रत्येक वळणाला तो जरा आधीच ब्रेक मारत गेला. शेवटून तिसरा आला. गुण दोन मिळाले.

घरी येऊन त्यानं ते दोन गुण जॉबबुकात लिहिले. ठोकणाऱ्याचं नाव लिहायला रकाना नव्हता. दुसऱ्या पानावर मात्र त्यानं लिहून ठेवलं की सुरुवात संथ होते, पहिल्या वळणाआधीच दोन जागा जातात. पुढच्या रविवारी त्यानं फक्त सुरुवातीचा सराव केला. वर्षअखेरीस चषक मिळाला नाही, पाचवा आला. आजोबांनी वही वाचली आणि तिच्याच मागच्या बाजूला पुढच्या वर्षासाठी रकाने आखून दिले.

क्लीलंडचंही असंच झालं. लफील्डच्या त्या वळणाबद्दल लोक त्याला वर्षानुवर्षं विचारत राहिले आणि त्यानं आपला राग कधी लपवला नाही. पण तो दर हंगामाला पहिल्या शर्यतीपासून हजर होता. १९९३ गेलं, १९९४ ला गॅब्रिएले तार्क्विनीच्या अल्फा रोमिओनं सगळ्यांना मागे टाकलं. १९९५ साली जॉन क्लीलंड कॅव्हेलियरमधूनच ब्रिटिश विजेता झाला.