अठ्ठेचाळीस तासांवर थांबलेलं घड्याळ

पिंपरी-चिंचवडमधल्या रहाटणीत सुट्टीचा वार घराघरात वेगळा असतो. भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीतली बहुतेक वर्कशॉपं गुरुवारी बंद असतात. विजेचा भार सगळ्या दिवसांवर वाटायचा म्हणून वीजमंडळाने कधीकाळी लावून दिलेली ती गुरुवारची सुट्टी अजून टिकून आहे. हिंजवडीला जाणाऱ्यांना शनिवार-रविवार मिळतो, शाळेला रविवार. चाकणला कंत्राटावर जाणाऱ्या पोराची सुट्टी सुपरवायझर सांगेल त्या दिवशी, आणि तीही बिनपगारी. बाप टर्नर, सून आयटीत, नातू शाळेत अशा घरातली माणसं दिवसाउजेडी एकत्र जेवायला बसतात ती दसरा-दिवाळीलाच. कामाचा आठवडा लहान करण्याचा विषय निघाला की युरोपातल्या प्रयोगांची नावं घेतली जातात. मला तो प्रश्न काळेवाडी फाट्यावर पहाटे बसची वाट पाहणाऱ्या रांगेत दिसतो.

आठवड्याची सुट्टी आपल्याकडे कुणी बक्षीस म्हणून दिलेली नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम आणि महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, या त्यातल्या मुख्य मागण्या होत्या. रविवार मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. त्यानंतर मुंबईतल्या गिरण्या बुडाल्या नाहीत, वाढल्या.

पुढचा इतिहास आकड्यांतच वाचावा असा आहे. १९२२ च्या फॅक्टरी कायद्याने आठवडा ६० तासांचा केला, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत ५४ चा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये तो ४८ वर आला आणि १९४८ च्या कायद्याने तिथेच पक्का झाला. परक्या राजवटीतल्या, दुष्काळ आणि महायुद्ध सोसणाऱ्या गरीब देशाने चोवीस वर्षांत आठवड्याचे बारा तास कमी केले. त्यानंतरच्या पाऊणशेहून अधिक वर्षांत आपण एक तासही कमी केला नाही. दरम्यान हाताने फिरवायच्या लेथच्या जागी सीएनसी आलं, वेल्डिंग रोबो करू लागला. एका माणसाच्या हातून निघणारा माल किती पटींनी वाढला हे कुठल्याही जुन्या फोरमनला विचारा. त्या वाढीतून माणसाच्या वाट्याला वेळ मात्र आला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हे थांबलेलं घड्याळ पुन्हा चालू केलं पाहिजे, आणि ते दिवसांनी नव्हे, तासांनी मोजलं पाहिजे.

तासांनी म्हणण्याला कारण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची कमाल मर्यादा नऊवरून बारा तास आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहिले. केंद्राच्या कामगार संहितांच्या चर्चेतही ‘चार दिवस काम, तीन दिवस सुट्टी’ हे आकर्षक चित्र रंगवलं गेलं. बारा चोक अठ्ठेचाळीस. यात लहान काय झालं? रहाटणीतून निघून नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकण गाठणाऱ्याला येण्याजाण्यात तीन तास सहज लागतात. बारा तासांच्या पाळीला ते जोडले तर दिवसाचे पंधरा तास गेले. उरलेल्या नऊ तासांत झोप, आंघोळ, जेवण, मुलाचा अभ्यास आणि आईला दवाखान्यात दाखवणं बसवायचं आहे. स्त्रीकामगाराच्या वाट्याला तर घरी परतल्यावर दुसरी पाळी उभीच असते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. सत्तर आणि नव्वद तासांचा सल्ला देणाऱ्या उद्योगपतींनी हा आकडा जवळ ठेवावा.

परवडेल का, हा प्रश्न खरा आहे आणि त्याला हिशेबानेच उत्तर दिलं पाहिजे. कारखाना किती तास चालतो आणि माणूस किती तास राबतो, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आठ तासांच्या तीन पाळ्या सहा दिवस चालवल्या तर मशीनचे १४४ तास होतात. ४८ तासांच्या आठवड्यात त्याला माणसांचे तीन संच लागतात, ४० तासांच्या आठवड्यात ३.६. म्हणजे मशीन तेवढीच चालेल, पाच जणांमागे एक माणूस जास्त लागेल, आणि त्या जागी आयटीआय करून घरी बसलेला पोरगा कामाला लागेल. मोठ्या वाहन कंपन्यांचा कर्मचाऱ्यांवरचा खर्च विक्रीच्या साधारण दहा टक्क्यांच्या आत असतो. थकवा, रिजेक्शन, अपघात आणि खाडे कमी झाले तर त्यातला काही भाग परतही मिळेल.

याहून अवघड वाट याच उद्योगातल्या एका कंपनीने चालून दाखवली आहे. चाकणला २००९ पासून ज्यांचा कारखाना आहे त्या फोक्सवॅगनने १९९४ पासून जर्मनीतल्या कामगारांचा आठवडा ३६ वरून २८.८ तासांवर आणला. मंदीत सुमारे तीस हजार नोकऱ्या वाचवण्यासाठी झालेला तो करार होता. वार्षिक कमाई घटली, पण बोनसची रक्कम बारा महिन्यांत वाटून महिन्याचा पगार सावरला. २००६ मध्ये तास पुन्हा वाढले. तरी बारा वर्षं चाललेल्या गोष्टीला अशक्य म्हणता येत नाही. आपल्याकडेही मागणी घटली की ‘ब्लॉक क्लोजर’ लागतं, म्हणजे कारखाना काही दिवस बंद ठेवला जातो. २०१९ च्या मंदीत पिंपरी-चाकणने ते पुरेपूर अनुभवलं. बाजाराला गरज नसेल तेव्हा आठवडा लहान करता येतो, हे व्यवस्थापनांनी स्वतःच सिद्ध केलं आहे.

खरी अडचण भोसरी-तळवड्याच्या गल्ल्यांतल्या छोट्या शॉपांची आहे, आणि ती झटकून टाकणं मला बरोबर वाटत नाही. दहा-पंधरा माणसं, दोन व्हीएमसी मशीन, बँकेचा हप्ता, आणि वरची कंपनी दरवर्षी जॉबचा रेट खाली ओढणारी. या मालकाला उद्या ४० तास करायला सांगितलं तर तो शटर ओढेल. म्हणून सुरुवात वरून व्हायला हवी. मोठ्या कंपनीने आपल्या पुरवठादाराच्या दरातच कमी तासांची मजुरी धरली पाहिजे. जिथे ४८ तासही कागदावरच आहेत, तिथे आधी ते खरे झाले पाहिजेत. गेटवर अंगठा लावून हजेरी घेतली जातेच; कंत्राटी माणसाचे तास मोजायला वेगळं यंत्र नको.

‘कामगारालाच ओटी हवा असतो’ असं सांगितलं जातं. हवा असतो, कारण मूळ पगारात रहाटणीतलं खोलीभाडं आणि शाळेची फी दोन्ही निघत नाहीत. कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे, छोट्या शॉपांतून तो सिंगल रेटने मिळणं ही उघड गोष्ट आहे. दुप्पट दर खरोखर द्यावा लागला तर जादा माणूस ठेवणं मालकाला स्वस्त पडेल. तास कमी करताना महिन्याचा पगार कमी होता कामा नये, ही अट त्यामुळे मागणीचा गाभा आहे. राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा दिला तेव्हा रोजची वेळ वाढवली, पगार कापला नाही.

पिंपरी-चिंचवडच्या संघटना दर तीन-साडेतीन वर्षांनी वेतनकरार करतात. गुलाल उधळतो, इतक्या हजारांची वाढ म्हणून बातमी येते. ती वाढ लढून मिळवलेली असते आणि तिचा आनंद रास्त आहे. पण पुढच्या करारात पगाराच्या कलमाशेजारी तासांचंही कलम हवं: पहिल्या वर्षी ४८ चे ४६, करार संपेपर्यंत ४४, पगार तोच, आणि ते कंत्राटी कामगारांनाही लागू. नाहीतर कायम कामगाराचे वाचलेले तास कंत्राटी पोराच्याच अंगावर पडतील.