स्वयंसेवकाच्या मागे राहिलेले

धाराशिव जिल्ह्यातील येरमाळा हे गाव येडेश्वरी देवीच्या चैत्री यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत लाखो भाविक तेथे लोटतात, चुनखडी वेचतात आणि परततात. सोलापूर-धुळे महामार्ग गावावरूनच जातो. अशा गर्दीत दोर धरणारे, पाणी वाटणारे, भोवळ आलेल्या वृद्धेला सावलीत नेणारे हात बहुधा पगारी नसतात. वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा असो की येरमाळ्याची, हे हात सारखेच.

समजा, त्यांतला एक तरुण महामार्गावर उलटलेल्या गाडीतून माणसे बाहेर काढीत असता मागून येणाऱ्या मालमोटारीखाली सापडला. शोकसभा होईल, डोळे पाणावतील, फलकावर त्याचे छायाचित्र लागेल. महिन्याभराने त्याची पत्नी किराणा दुकानाच्या पायरीवर उभी राहील, तेव्हा तिला आपण काय देणे लागतो?

काही सज्जन म्हणतात की सेवेला पैशाचा स्पर्श झाला की ती सेवा उरत नाही. हे मत मला एकेकाळी पटत असे. आज पटत नाही. त्या तरुणाने दिला तो स्वतःचा प्राण, आणि तो देण्याचा अधिकार त्याचा होता. परंतु मुलांच्या ताटातील भाकरी दान करण्याचा अधिकार त्याला नव्हता, आणि ती त्याने दिलीही नाही. ती आपण न बोलता उचलून घेतली. तेव्हा त्याच्या घरी जाणारी रक्कम ही प्राणाची किंमत नव्हे, घेतलेल्या वस्तूची परतफेड होय.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९२३ च्या भरपाई कायद्याचा आधार मालक आणि नोकर हे नाते होता. स्वयंसेवकाला मालक नसतो. आपला तरुण शेतकरी कुटुंबातला असेल, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून २ लाख रुपये मिळू शकतील. पण ते शेतकरी म्हणून, त्याने केलेल्या कृत्यासाठी नव्हे. तो भूमिहीन मजूर असेल, तर हेही दार बंद.

महापुरासारख्या आपत्तीत चित्र थोडे बरे आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार २०१५ पासून मृताच्या कुटुंबाला ४ लाख रुपयांचे साहाय्य ठरले आहे, आणि बचावकार्यात मरण पावलेल्यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यात पुराने हाहाकार केला, तेव्हा शेजाऱ्याला वाचवायला पाण्यात उतरणाऱ्या माणसाला हे कलम ठाऊक असणे शक्य नव्हते. बुडणारा आणि वाचवायला गेलेला, दोघांच्या घरी रक्कम एकच. जीव सारखेच मोलाचे, म्हणून हे योग्य वाटते. तरी मन पुरते मानत नाही. एकावर संकट कोसळले. दुसरा आपल्या सर्वांच्या वतीने त्या संकटात गेला. पहिल्याच्या घरी आपण सांत्वनाला जातो. दुसऱ्याच्या घरी ऋणको म्हणून जायला हवे.

२०२० च्या साथीत शासनाने हे ऋण एकदा मोठ्या आकड्यात मान्य केले. केंद्राच्या विमा योजनेत करोना रुग्णांच्या सेवेत मृत्यू आल्यास ५० लाख रुपयांची तरतूद होती, आणि आशा कार्यकर्त्या व स्वयंसेवकही तिच्यात होते. आशाताईंना एरवी आपण स्वयंसेविका म्हणतो, आणि त्या नावाआड त्यांना वेतन नाकारतो, हे ओघात आले म्हणून सांगितले. पुढे साथ ओसरली, योजनाही संपली. भीती असेपर्यंत जी कृतज्ञता टिकते, तिला कृतज्ञता म्हणावे का, हा प्रश्न मला अजून छळतो.

त्या योजनेतही खरा अडसर दाखल्याचा होता: मृत व्यक्ती त्या कामावर होती, असे अधिकाऱ्याने लिहून द्यायचे. नेमलेल्याला असा कागद मिळतो. न बोलावता धावलेल्याला कोणी धाडले, हे कोण लिहिणार? हाक येताच निघणे हा स्वयंसेवकाचा गुण, आणि तोच त्याच्या विधवेच्या अर्जातील उणीव ठरतो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात अशीच एक तक्रार आहे. रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी त्यांना धीराचा उपदेश करून परत पाठविले नाही. त्या कामासाठी सात माणसे निवडायला लावली. आपल्या धर्मग्रामांत सणाला, मिरवणुकीला, पुराला धावणारी मुले आहेत. त्यांच्यासाठी सामूहिक अपघात विमा उतरविण्याचा खर्च फुलांच्या सजावटीहून फार मोठा नसावा.

तोवर निदान एक वही करता येईल. दोर हाती देण्यापूर्वी तीत त्या मुलाचे नाव लिहावे, तारीख घालावी, खाली कोणी जबाबदार माणसाने सही करावी. आणि शेजारच्या रकान्यात, त्याला विचारून, घरी कोण कोण आहे ते लिहावे.