भिंत रंगवण्याआधी

मिरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्याला खाडी ठाऊक असते. आपल्या शहराला नदीही आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून उतरून घोडबंदर रस्त्यालगत वसईच्या खाडीला मिळणारी चेणे नदी. गेली काही वर्षं तिच्या काठाच्या सुशोभीकरणाची चर्चा आहे. काठ बांधला की भिंत येते, आणि भिंत आली की कलावंताला बोलावणं जातं. माझी तक्रार या क्रमाबद्दल आहे.

शेजारची दहिसर नदी बघा. तुळशी तलावाकडून निघून मनोरीच्या खाडीपर्यंत जेमतेम 12 किलोमीटर वाहते; वाटेत तबेले, धोबी, सांडपाणी. 2018 साली मुंबईच्या दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या चार नद्यांसाठी एक गाणं निघालं. सोनू निगम आणि अमृता फडणवीस यांनी ते गायलं, पडद्यावर खुद्द मुख्यमंत्री आणि पालिका आयुक्त दिसले. हेतू चांगलाच होता. पण ज्यांनी नाल्याचं तोंड बंद करायचं तेच गाण्यात उभे राहिले, तर प्रश्न विचारायचा कुणी आणि कुणाला?

सोलमधल्या चॉन्गेचॉन ओढ्याचं उदाहरण आपल्याकडे उठसूट दिलं जातं. वरचा उड्डाण महामार्ग पाडून 2005 मध्ये सुमारे 5.8 किलोमीटरचा ओढा पुन्हा उघडा केला. त्यातलं बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणावं लागतं, हे मात्र सांगितलं जात नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या तोंडाशी क्लेस ओल्डनबर्ग आणि कूशा फान ब्रुखेन यांचा उंच रंगीत शंख उभा राहिला. स्थानिकांना न विचारता बाहेरची कलाकृती आणली, म्हणून तिथल्या कलावर्तुळातून टीकाही झाली. पण याच ओढ्यावर पार्क ते-वॉन या लेखकाने 1936 मध्येच कादंबरी लिहायला घेतली होती. काठावर कपडे धुणाऱ्या बायका, त्यांच्या कुचाळक्या, न्हाव्याच्या दुकानातला पोऱ्या. तेव्हा ओढा काही सुंदर नव्हता. तो पुढे झाकला गेला, तरी कादंबरीत वाहता राहिला. शंखाला ते जमणार नाही.

आपल्याला तर सोलला जायचीही गरज नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, त्या तरल्या, ही कथा मराठी माणूस लहानपणापासून ऐकतो. त्याच इंद्रायणीवर आळंदीत आज रासायनिक फेस तरंगताना दिसतो. कवितेने यावर काय म्हणायचं? निदान घाटाचं कौतुक तरी नक्कीच नाही.

काय म्हणायचं ते कळायला आधी इथल्या माणसांचं ऐकावं लागेल. आगरी-कोळी लग्नात धवलारीण धवले गाते. तिच्याशिवाय विधी पुरे होत नसत. भाईंदरच्या मिठागरांत राबलेल्यांना उधाणाचं पाणी कुठवर चढतं हे नकाशाशिवाय कळतं. राई, मुर्धा, मोर्वा, उत्तन इथे अशी माणसं अजून आहेत. चेण्याचा आराखडा कागदावर असतानाच एखाद्या कवीने, एखाद्या चित्रकाराने त्यांच्या ओट्यावर बसावं, पाणी पूर्वी कुठून जायचं ते विचारावं आणि ते सगळं हरकती-सूचनांच्या सुनावणीत नेऊन मांडावं. (भिंतीवरचा खंड्या मलाही आवडतो, पण त्याला मासे लागत नाहीत, म्हणून तो कुठल्याही पाण्याशेजारी खूश असतो.) सुनावणीतलं ऐकून आराखडा बदलला, तर भिंत कदाचित बांधावीच लागणार नाही. मग रंगाचं कंत्राटही निघणार नाही, आणि ते गमावण्याची तयारी आपल्यातल्या किती कलावंतांची आहे, ते त्यांनीच सांगावं.