चाळीसचा आकडा

९ ऑक्टोबर २०१८ची सकाळ. भिलाईच्या सेक्टर १०मधल्या आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात मी पेपर वाचत बसलो होतो. प्लांटमधून निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती, पण कान अजून प्लांटकडेच असत. कोक ओव्हनच्या गॅस पाइपलाइनला आग लागल्याचे फोन येऊ लागले. थोड्या वेळाने माझ्या मोबाइलवर मेसेज आला, चाळीस गेले. ज्याने पाठवला त्यालाही तो दुसऱ्या कुणीतरी पाठवला होता. मी तो आमच्या ब्लॉकच्या ग्रुपवर टाकला. लोकांना कळले पाहिजे असे वाटले म्हणून टाकला, असे मी नंतर स्वतःला सांगितले. खरे म्हणजे तेवढाही विचार नव्हता. बोट आपोआप गेले.

शेजारच्या भाभींचे यजमान कोक ओव्हनमध्ये होते आणि त्या दिवशी त्यांची पहिली शिफ्ट होती. भाभी हातात फोन घेऊन अंगणात आल्या. "भाईसाब, ये सच है क्या?"

"पता नहीं," मी म्हणालो.

जे मला माहीत नव्हते ते दहा मिनिटांपूर्वी मी साठ जणांना सांगून बसलो होतो. यजमान दुपारी तीनच्या पुढे घरी आले, धडधाकट. मधल्या चार तासांत भाभी फाटकापाशी उभ्या होत्या. संध्याकाळी नागपूरच्या मावसभावाकडून तोच मेसेज मला परत आला, आता मराठीत आणि वर 'भिलाईहून खात्रीलायक' अशी भर घालून. भिलाईचा तो खात्रीलायक माणूस बहुधा मीच होतो.

अफवांना आळा घालण्यासाठी सरकारने समाजमाध्यमांवर किती नियंत्रण ठेवावे, हा वाद निघाला की मला हाच दिवस आठवतो. मला कुणी अडवले असते तर बरे झाले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती कुणी आणि कशाच्या आधारावर, याची.

६ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कारभाराविषयी जो मजकूर सरकारचेच फॅक्ट चेक युनिट खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा ठरवील, तो फेसबुक किंवा एक्ससारख्या कंपन्यांनी ठेवून घेतला तर त्यांचे कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार होते. विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींची दोन मते पडली. गौतम पटेल यांनी नियम घटनाबाह्य ठरवला, नीला गोखले यांनी वैध. सर्वोच्च न्यायालयाने मार्चमध्ये युनिटच्या अधिसूचनेला स्थगिती दिली आणि २० सप्टेंबरला तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी पटेलांच्या बाजूने कौल दिला.

सरकारची बाजू हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. सरकारच्या कामाची अधिकृत माहिती सरकारकडेच असते, मग खरे-खोटे त्याहून चांगले कोण सांगणार? मी हा युक्तिवाद ९ ऑक्टोबरला लावून पाहतो. भिलाईचा कारखाना केंद्र सरकारच्या मालकीच्या 'सेल'चा. तिथला अपघात म्हणजे केंद्र सरकारचा कारभार की नाही? नियमात या शब्दांची व्याख्याच नव्हती. धरून चालू की तो कारभारच आहे. माझा चाळीसचा आकडा खोटा होता, त्यावर शिक्का बसला असता तर माझी तक्रार नसती. पण त्या दिवशीचा अधिकृत आकडा नऊ होता आणि भाजलेल्यांपैकी काही जण पुढच्या दिवसांत गेल्यामुळे तो वाढत गेला. समजा, त्या संध्याकाळी कुणी लिहिले असते की मृतांची संख्या नऊवर थांबणार नाही, तर? युनिटच्या लेखी ते त्या दिवशी दिशाभूल करणारे ठरू शकले असते, आणि आठवड्याभरात तेच अधिकृत झाले असते. नऊ सांगणाऱ्याने काही लपवले असे मला म्हणायचे नाही. मोजदाद चालू असताना कुठलाही आकडा तात्पुरताच असतो. तात्पुरत्या आकड्याला कायद्याचे बळ दिले की त्याच्यापुढचा प्रश्न गुन्ह्यासारखा दिसू लागतो.

प्लांटमध्ये गॅसच्या लाइनवर काम करायचे तर परमिट लागते. मी स्वतः मेंटेनन्समध्ये होतो. काम करणारा स्वतःच स्वतःला परमिट देत नाही, मग तो कितीही अनुभवी आणि प्रामाणिक असो. आम्ही कधी त्यात अपमान मानला नाही.

सरकार शब्दांच्या मागे लागले की काय होते, हे महाराष्ट्राने नोव्हेंबर २०१२मध्ये पाहिले. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. ज्या ६६ अ कलमाचा त्यात वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्या ओळींत खोटे काहीच नव्हते, नुसते मत होते.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख मला सोपा गेला असता. पण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागून जगणारी माणसे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या भागात फिरत होते. राईनपाडा लांब वाटत असेल तर आमच्या शेजारचे चरोदा घ्या. २०२२च्या दसऱ्याला तिथे तीन साधूंना याच संशयावरून लोकांनी मारहाण केली. ते वाचले. त्या पाच जणांच्या घरच्यांसमोर उभे राहून मी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बोलू शकेन का? मला नाही वाटत.

पण राईनपाड्यात खऱ्या-खोट्याचा निवाडा कुणाला हवा होता? टोळी नव्हतीच. तिथे गरज होती ती मेसेजचा वेग तोडण्याची, वेळेवर पोहोचणाऱ्या पोलिसांची, आणि मारणाऱ्यांना शिक्षा होण्याची. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. ही मर्यादा मेसेज खरा की खोटा, सरकारच्या बाजूचा की विरोधातला, असे काही विचारत नाही. ती फक्त बोटाला अडवते. असे नियम सरकारने कंपन्यांकडून सक्तीने पाळून घ्यावेत, याला माझा पाठिंबा आहे. खरे काय ते ठरवण्याचा शिक्का मात्र ज्याच्या कामाबद्दल प्रश्न आहे त्याच्या हाती नको.

यातून माझी सुटका होत नाही, हे मला कळते. पाचची मर्यादा तेव्हा लागू झालेली होती आणि मला एकच ग्रुप पुरला.

भाभी फाटकाकडे गेल्यावर मी तो मेसेज सर्वांसाठी डिलीट केला. त्या जागी 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढी ओळ उरली. तिच्याखाली लगेच तिघांनी विचारले, क्या था? चौथ्याने लिहिले, ऊपर से हटवाया क्या? मला उत्तर लिहायला हवे होते, की मीच टाकला होता, मला काही माहीत नव्हते, चूक झाली. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. फाटकापाशी भाभी कुणाला तरी फोन लावत होत्या आणि तो लागत नव्हता.